नऊ नंबरच्या बाईंचा अकराचा चहा

मी नऊ नंबरची घंटा बोलतेय. दचकू नका. लोकांना दचकवणं हा माझा धंदा असला तरी आत्ता सकाळचे साडेअकरा वाजलेत, बाहेर लख्ख ऊन आहे आणि तुम्ही काही आमच्या हॉटेलात उतरलेले नाही. शिवाय वर गच्चीत डबल बेडची ओली चादर वाळत घातलीय. ती वाळेपर्यंत मला बोलायला सवड आहे. चादरीचा आणि माझ्या बोलण्याचा काय संबंध, ते ओघाने येईलच.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. आम्ही बारा बहिणी, एकाच दिवशी, एकाच पितळेतून ओतलेल्या. ओताऱ्याने प्रत्येकीवर खिळ्याने टिचकी मारून पाहिली. अकरा जणी ‘ठण’ म्हणून गप्प बसल्या. मी ‘ठिण्ण’ म्हणाले आणि म्हणतच राहिले. ओतारी बायकोला म्हणाला, “ही बोलकी निघाली. हिच्या पोटात काही राहायचं नाही.” माणसाने भविष्य सांगू नये ते एवढ्यासाठीच. पुढे चौदा वर्षं एक गुपित माझ्या पोटात पडून होतं आणि मला ते कोणालाही सांगता आलं नाही. घंटेला ओढल्याशिवाय बोलता येत नाही, आणि ओढलं तरी शब्द एकच.

आम्हा बहिणींना एका हॉटेलात आणलं. तीन मजले, बारा खोल्या आणि मांजर चढलं तरी कुरकुरणारा लाकडी जिना. तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्या मधे कपबशांची खोली आहे. तिथे भिंतीवर एक लांब फळी ठोकून आम्हाला ओळीने स्प्रिंगांवर बसवलं. प्रत्येकीची तार भिंतीतून, कोपऱ्याकोपऱ्यावर लोखंडी आकड्यांना वळसे घालत, आपापल्या खोलीत पलंगापाशी गेली. पाहुण्याने वर दोरी ओढली की खाली आम्ही वाजायचं. वेटर मंडळींना ‘कोण असेल, काय हवं असेल’ यावर चर्चा करत बसायची सवय. म्हणून जुन्या मालकांनी फळीवर ठळक अक्षरांची पाटी लावली होती: ‘घंटा वाजली की जावे. कोणी बोलावले ते तिथे गेल्यावर कळेल.’

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. तार ताणलेली असली की पलीकडचं बोलणं मला ऐकू येतं. दोन काड्यापेट्यांना दोरा बांधून मुलं फोन करतात ना, तसंच. त्यामुळे मी माणसं फार ऐकली. घंटा ओढल्यावर माणूस पाच मोजायच्या आत पुन्हा ओढतो. नवऱ्याने ओढली तर बायको म्हणते, “कशाला त्रास देता त्यांना,” आणि वेटर आल्यावर तीच तीन गोष्टी मागते. एक गृहस्थ तर साहेबांना द्यायचा राजीनामा तीन दिवस मोठ्याने वाचत होते. चौथ्या दिवशी त्यांनी दाढी केली आणि कामावर परत गेले.

मग खोल्यांत टेलिफोन आले. आमच्या तारा कापायला एक मिस्त्री आला. त्याने दोन मजले कापले, तिसऱ्यावरच्याही बऱ्याच कापल्या, पण टोकाच्या नऊ नंबरपाशी पोचेपर्यंत त्याचा दम संपला. त्यात नऊ नंबर बंद. छत गळून दार फुगलं होतं आणि किल्ली कुलपातच मोडली होती. त्याने कागदावर ‘कापली’ असं लिहिलं आणि तो जेवायला गेला. अशी माझी तार वाचली. अकरा बहिणी मुक्या झाल्या, मी मात्र बोलती राहिले. फक्त मला ओढणारं कोणी उरलं नाही. पितळेलाही एकटं वाटतं बरं का.

आता भुतांकडे येऊ. इतक्या जुन्या हॉटेलात भूत नसेल तर पाहुण्यांना फसवल्यासारखं वाटतं. आमच्याकडे तीन होती, पण एकाही भुतात दम नव्हता. जिन्यातला बिनमुंडक्याचा सरदार म्हणजे कोट अडकवायचा खांब. आपोआप वाजणाऱ्या पियानोत उंदीर होते. आणि थंडगार पडणाऱ्या बोळाच्या खिडकीची काच फुटली होती. ती बसवली आणि भूत गेलं. समोरच्या हॉटेलात मध्यरात्री पैंजण वाजायचे म्हणे. सगळे पाहुणे तिकडे. जुन्या मालकांची नात, म्हणजे आत्ताच्या आमच्या मालकीणबाई, खिडकीत उभ्या राहून समोरच्या दाराशी उतरणाऱ्या बॅगा बघत बसायच्या.

तेवढ्यात आल्या मावशी. धुलाईच्या कामाला. मागच्या अंगणातून लोखंडी जिन्याने थेट गच्चीत जायचं, चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या आणि त्याच जिन्याने घरी. पहिल्याच दिवशी त्यांनी दोरी बांधायला जागा शोधली. एक टोक पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधलं. दुसऱ्यासाठी नऊ नंबरच्या भिंतीतून बाहेर आलेला एक लोखंडी आकडा सापडला. चांगली करकचून गाठ मारली. तो आकडा माझा होता.

सकाळी अकरा वाजता मावशींनी डबल बेडची ओली चादर दोरीवर टाकली. दोरी खाली आली, आकडा फिरला, तार ताणली, आणि कित्येक वर्षांनी मी ‘ठिण्ण’ म्हणाले. काय सांगू तुम्हाला, मला गगन ठेंगणं झालं.

खाली कपबशांच्या खोलीत तेव्हा दोघं होते. आचारी आणि मामा. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने वेटर. कडक इस्त्रीचा पांढरा कोट, गळ्याचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. लग्न राहून गेलं होतं. कोणी कारण विचारलं तर म्हणायचे, “घंटा वाजत होती.”

आचाऱ्याच्या हातून कप पडला. “मामा, नऊ नंबर बंद आहे.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं. “घंटा वाजली की जावे,” ते म्हणाले.

“अहो, पण न्यायचं काय?”

“अकरा वाजलेत. चहाच लागेल.”

ट्रेमध्ये चहा, दोन बिस्किटं आणि रुमाल ठेवून मामा वर गेले. नऊ नंबरच्या दाराशेजारीच गच्चीचं दार आहे आणि दोन्हींच्या मधे एक स्टूल. त्यांनी दारावर दोनदा टकटक केली, ट्रे स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, “बाईसाहेब, चहा ठेवलाय.” मग मागे वळून न पाहता निघाले. चढायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात उतरले. बाईसाहेबच कशावरून, असं आचाऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाले, “इतक्या हळुवार हाताने पुरुष घंटा ओढत नाही.”

आणि गच्चीत, चादरीच्या पलीकडे, मावशी उशांचे अभ्रे पिळता पिळता थांबल्या होत्या. त्यांनी आधी मागे वळून दुसरं कोणी आहे का ते बघितलं. मावशींना चादरींशी बोलायची सवय आहे, त्यामुळे मला सगळं कळतं. त्या चादरीला म्हणाल्या, “ऐकलंस का गं? मला बाईसाहेब म्हणाले. हॉटेल चांगलं दिसतंय.” चहा प्यायल्या, बिस्किटं खाल्ली, गच्चीच्या नळावर कपबशी धुऊन पालथी घातली आणि रुमालाची अशी घडी घातली की इस्त्रीने मान खाली घालावी.

दोन वाजता चादर वाळली. मावशींनी ती काढली, दोरी वर गेली आणि मी पुन्हा बारीकशी वाजले. मामा ट्रे आणायला गेले. धुतलेला कप आणि घडीचा रुमाल बघून खाली येऊन सांगते झाले, “भूत आहे, पण घरंदाज आहे.”

झालं. आचाऱ्याला विषय मिळाला. आठवड्याभरात त्याने एक नवरी तयार केली, तिचा बोटीवर गेलेला नवरा तयार केला, ‘अकराच्या चहाला येतो’ असं त्याचं वचन तयार केलं. पावसात मी वाजत नसे, कारण पावसात चादरी कोण वाळत घालणार? आचारी म्हणाला, पावसातच त्याची बोट बुडाली, म्हणून त्या दिवशी बाई कोणाला हाक मारत नाहीत. वाऱ्याच्या दिवशी चादर फडफडली की मी खुळ्यासारखी वाजायची. त्या दिवशी बाई चिडलेल्या असत. खरं सांगायचं तर त्या खोलीत शेवटचे उतरले होते ते सर्दी झालेले एक लठ्ठ गृहस्थ. दिवसात चाळीसदा गरम पाणी मागितलं आणि ठणठणीत होऊन गेले. पण माझं कोण ऐकतो? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्याकडे ब्रह्मराक्षस राहिला बाजूला, ओल्या चादरीच पाठीस लागल्या.

पाहुणे मात्र वाढले. आमचं भूत सोयीचं होतं हो. समोरच्या भुतासाठी रात्रभर जागावं लागायचं. आमच्याकडे छान झोप काढून, आंघोळ करून, भरपेट नाश्ता करून अकराला घाबरता यायचं. पावणेअकरापासून कपबशांच्या खोलीत गर्दी व्हायची. मी वाजले की किंकाळ्या. काही जण बेशुद्धही पडत, पण पडण्याआधी खुर्ची कुठे आहे ते बघून घेत. मी तर अगदी फुगून गेले होते. रोज सकाळी आचारी मला चिंचेने घासायचा.

इकडे मामा धीट होत गेले. दारापाशी दोन मिनिटं थांबून बोलू लागले. “बाईसाहेब, आज गुडघा फार दुखतोय. खाली कोणाला सांगत नाही, म्हातारा झाला म्हणतील.” पलीकडे मावशी श्वास रोखून ऐकत. गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, केस विस्कटलेल्या अवस्थेत समोर यायचा त्यांना संकोच वाटे. दुसऱ्या दिवशी रुमालाच्या घडीत मामांना मलमाची एक चपटी डबी सापडली. गुडघा थांबला. ‘भुताचं मलम’ म्हणून इतका बोभाटा झाला की पाहुणे मालकीणबाईंकडे पाठदुखीवर काही मिळेल का विचारू लागले.

एकदा तर सगळं उघड होता होता राहिलं. मागच्या दाराशी दोघांची गाठ पडली. मावशी खाली बघत म्हणाल्या, “रोज तुमचं लक्ष असतं हो. बरं वाटतं.” मामांना वाटलं, मागच्या जिन्यातला दिवा आपण लावतो त्याबद्दल म्हणतायत. म्हणाले, “कामच आहे ते,” आणि निघून गेले. मावशी दुसऱ्या दिवशी चादरीला सांगत होत्या, “माणूस किती साधा आहे बघ. उपकाराचा शब्दसुद्धा घेत नाही.” काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी कितीदा मनात म्हटलं, अगं बाई, जरा दाराबाहेर ये. अहो मामा, जरा मागे वळा. पण माझा शब्द एकच.

चौदा वर्षं हे असं चाललं. मग भुताने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. पाहुणे इतके झाले की चादरी पुरेनात, म्हणून मालकीणबाईंनी कपडे धुऊन वाळवूनही देणारं एक भलंमोठं मशीन आणलं. त्यांनी मावशींना गच्चीत जाऊन प्रेमाने सांगितलं, “आता या वयात तुम्ही ओझी उचलू नका. उद्यापासून आराम करा.” मावशी “बरं” म्हणाल्या. मालकीणबाई गेल्यावर चादरीजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “कामाचं नाही गं एवढं. काम दुसरीकडे मिळेल. पण अकरा वाजता मला बाईसाहेब कोण म्हणणार?”

ऐकून माझा लोलक जड झाला. मावशींची हाक जाणार होती, मामांच्या बाई जाणार होत्या, आणि मी पुन्हा मुकी होणार होते. तिघांचं सगळं त्या एका गाठीवर होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं. खाली तेवीस पाहुणे दाटीवाटीने उभे. अकरा वाजले. मी गप्प. अकरा पाच झाले. आचारी म्हणाला, “रुसल्या वाटतं.” एका पाहुण्याने मला बोटाने ढोसायला हात पुढे केला, त्याच्या बायकोने तो खाली ओढला. मामा ट्रे घेऊन उभे होते, चेहरा उतरलेला. अकरा दहाला त्यांनी कोटाचं बटण तपासलं आणि ते चालू लागले.

“मामा, घंटा कुठे वाजलीय?” आचारी म्हणाला.

“म्हणूनच जातोय. बरं नसेल त्यांना.”

उभ्या आयुष्यात मामा घंटेशिवाय पहिल्यांदा वर गेले.

वर मावशी आपली दोरी सोडून न्यायला आल्या होत्या. चौदा वर्षांची गाठ, पाण्याने आणि उन्हाने दगड झालेली. त्यांनी दोन्ही हातांनी हिसका दिला आणि मी वाजले. पुन्हा हिसका, पुन्हा मी. इतकी वाजले की खाली तेवीस माणसं आनंदाने किंचाळली. एकजण खुर्ची न बघताच पडला. आणि वर, स्टुलापाशी, मामांनी जिन्यातून येणारा माझा आवाज ऐकला, गच्चीच्या उघड्या दारातून मावशींचा हात पाहिला आणि त्या हाताबरोबर फिरणारा आकडा पाहिला.

तार ताणलेली होती. मला सगळं ऐकू येत होतं.

“मामा?” मावशी म्हणाल्या. “आज चादरी नाहीत, तरी चहा?”

कपबशी किणकिणली. “रोज चहा तुम्ही घेत होतात?”

“म्हणजे काय? माझ्यासाठीच आणत होता ना तुम्ही?”

मामा शिळ्या बिस्किटाबद्दलही पाहुण्याशी कधी खोटं बोलले नाहीत. मी मनात म्हणत होते, आज बोला हो, एवढं एकच खोटं बोला.

“खरं सांगतो,” मामा म्हणाले. “मी नऊ नंबरच्या भुताला आणत होतो.”

मावशींनी गाठ पुन्हा हातात धरली. मग म्हणाल्या, “आणि बाईसाहेब?”

“त्या दाराकडे तोंड करून म्हणायचो.”

“गुडघ्याचं?”

“तेही.”

“आणि मलम?”

“भुताचं समजून लावलं. पण गुण आला.”

मावशींनी गाठीला असा हिसका दिला की मी फळीवरून निखळायचीच बाकी राहिले. गाठ सैल होऊ लागली होती. तार ढिली पडत होती आणि आवाज लांब लांब जात होते. एवढं सगळं ऐकून नेमका शेवट हुकणार, या विचाराने माझा जीव कासावीस झाला.

“खाली एक पाटी आहे,” मामांचा आवाज बारीक येत होता. “घंटा वाजली की जावे, कोणी बोलावले ते तिथे गेल्यावर कळेल. मी चौदा वर्षं आलो, पण आल्यावर कधी बघितलं नाही. चूक माझी. आज मात्र घंटा वाजलेली नसताना आलोय. ज्यांनी माझ्या गुडघ्याची काळजी केली त्यांना बरं नाही की काय, ते बघायला आलोय. त्या तुम्हीच निघालात.” ट्रे स्टुलावर टेकल्याचा आवाज आला. “बाईसाहेब, चहा निवतोय. ती गाठ राहू द्या.”

मला पुढचा शब्द ऐकू आला नाही, कारण शब्द नव्हताच. मग दोरी पुन्हा ताणली गेली, गाठ आवळली गेली, आणि ती हलकेच हलायला लागली. मावशी दोरीला धरून हसत होत्या. मी किणकिण किणकिण वाजत राहिले. खाली आचारी कुजबुजला, “बाई हसतायत,” आणि पाहुण्यांच्या अंगावर काटा आला.

मामांनी खाली येऊन सगळ्यांना खरं ते सांगून टाकलं. भूत नाही, ओल्या चादरी आहेत. एका पाहुण्याने वही काढून विचारलं, “मग नऊ नंबरला चहा कोण पितं?” मामा म्हणाले, “मावशी पितात.” त्याने लिहून घेतलं की या वेटरची मावशी त्याच खोलीत वारली. मामांनी चारदा समजावलं. पाहुणे एकमेकांना म्हणाले, बिचारा भुताच्या कह्यात आहे, त्याच्याकडून हे वदवलं जातंय. पुढच्या आठवड्यात एकही खोली रिकामी नव्हती.

मालकीणबाईंनी डोक्याला हात लावला. मग गच्चीत जाऊन गाठ स्वतः ओढून पाहिली. म्हणाल्या, “मशीनमध्ये टॉवेल घाला. चादरी मावशीच वाळवतील, ओझं वर न्यायला माणूस देते. या गाठीला कोणी हात लावायचा नाही.”

आता रोज अकराला ट्रेमध्ये दोन कप जातात. मामा मागे वळून बघतात, इतकंच काय, खाली यायला एक तास लावतात. अडचण झाली ती नात्याची. सगळं हॉटेल यांना मामा म्हणतं आणि त्यांना मावशी, म्हणजे हिशेबाने दोघं भाऊबहीण झाले. आचाऱ्याने बरीच डोकेफोड केली. मामांना काका करावं तर जीभ वळेना. शेवटी गेल्या महिन्यात, लग्न लागलं त्या दुपारी, त्यानेच तोड काढली. तेव्हापासून सगळे मावशींना मामी म्हणतात. मामा तेवढे अजून बाईसाहेबच म्हणतात.

माझं म्हणाल तर मी म्हातारी झालेय, काठ झिजलाय, पण आवाज शाबूत आहे. तुमच्याकडे एकच मागणं. कधी एखाद्या जुन्या हॉटेलात उतरलात आणि बंद खोलीतून घंटा वाजली, तर पळू नका. जा. आणि गेल्यावर जरा मागे वळून बघा. फक्त आमच्याकडे आलात तर अकरा ते बारा तिसऱ्या मजल्यावर फिरकू नका. तिथे एका भुताचा संसार चाललाय.

बघा, दोरी हलली. चादर वाळलेली दिसतेय, मामी ती काढायला आल्या. तार ढिली पडतेय, आता मला थांबायला हवं. येते मी.

ठिण्ण.